नवरीच्या गाडीचे मागचे दिवे

"सव्वीस वर्षं मी शाळेत वीज शिकवतोय," मी उभा राहून म्हटलं. "दोन दिवे बसवायला मला अर्धा तास पुरे. त्यात चहाही आला."

पुलावाच्या ताटांभोवती बसलेली माणसं चावायची थांबली. लग्नाच्या आधीचा सोमवार होता. त्या दिवशी मोहल्ल्यातले मोठे जमतात, पुलाव खातात आणि कामं वाटून देतात. कढई कोण सांभाळणार, दारात उभं राहून या-बसा कोण म्हणणार, रुसलेल्या आत्याला आणायला कोण जाणार. सगळं वाटून झालं होतं. एकच काम उरलं होतं, आणि ते माझं होतं. म्हणजे माझं असायला हवं होतं.

माझा भाचा जावलोन, त्याचं लग्न रविवारी. आमच्या घराण्यात नवरी नवऱ्याच्या मामाच्या गाडीतून येते. माझी बहीण हुर्रियत मामाच्या ट्रकमधून आली होती, पुढच्या सीटवर, टरबुजांच्या वासात. आमची आई मामाच्या गाढवगाडीतून. पण यंदा जावलोनच्या काकानं, कुद्रतनं, नवी कोरी गाडी घेतली होती. मागच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती लाल उजेडाची पट्टी.

"मास्तरांची गाडी चांगलीच आहे," कुद्रत बोटं चाटत म्हणाला होता. "पुढून. पण वरात नवरीची गाडी बघते ती मागून. मागून ती पाववाल्याची वाटते."

हे झोंबलं, कारण खरं होतं. आमच्या मार्गिलान गावात दहातल्या नऊ गाड्या पांढऱ्या, आणि त्यातल्या आठ एकाच जातीच्या. मी स्वतः दोनदा दुसऱ्याच्या गाडीत बसून किल्ली फिरवलीय. एकदा तर मागच्या सीटवर त्याची बायको बसली होती. तिनंही वर न बघता "चला" म्हटलं.

म्हणून मी उभा राहिलो आणि दिव्यांचं बोललो. नवे एलईडी दिवे, वाहते, असे की पार शेजारच्या कोकंद शहरातून दिसतील.

मोहल्ल्यातले सगळ्यात म्हातारे तोख्ता-बोबो. त्यांनी दाढी कुरवाळली. "ठरलं. शनिवारी संध्याकाळी गाडी दाखवा. दिवे पटले तर नवरी मामाच्या गाडीत. नाहीतर कुद्रतच्या." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. दुआ झाली, म्हणजे आता माघार नाही.

हुर्रियत ताट उचलायला आली तेव्हा माझ्या कानात म्हणाली, "दादा, तू आमच्या दाराला बेल बसवली होतीस ना, ती अजून वाजतीय."

"ती वीज वेगळी होती," मी म्हटलं.

मंगळवारी मी सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदारानं एक दिवा टेबलावरच्या बॅटरीला जोडून ठेवला होता. डाळिंबाचा रस ओतावा तसा लाल उजेड त्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहायचा, थांबायचा, पुन्हा वाहायचा. मी कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. शेजारी एक टॅक्सीवाला उभा होता, तोही बघत होता.

"बसवायला अवघड आहेत का?" मी विचारलं.

"दोन स्क्रू, एक प्लग. माझी सासू बसवते."

त्याच्या सासूला तेव्हाच सोबत घ्यायला हवं होतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी कामाला बसलो. जुने दिवे दहा मिनिटांत निघाले, म्हणजे अर्ध्या तासातले वीस अजून हातात होते. नव्या दिव्याच्या प्लगला सहा तारा, गाडीच्या प्लगला चार. सोबतच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं, पण चिनीत. हरकत नाही. वीज काही चिनी नसते. मी विचार केला, फळ्यावर काढतो तशी एक आकृती खोक्यावर काढली आणि तारा जोडल्या. मग बायकोला, नफोसतला, हाक मारून गाडीत बसवलं.

"ब्रेक दाब!"

"दाबला."

डिकी उघडली. माझ्या हनुवटीवर.

"सोड! सोड!"

"सोडला. लागला का दिवा?"

"डिकी उघडली."

"मी डिकीला हातसुद्धा लावला नाही. तुम्ही ब्रेक म्हणालात, मी ब्रेकच दाबला."

मी डिकी बंद केली. पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा उघडली. या वेळी मी बाजूला उभा होतो, तेवढं तरी शिकलो होतो.

"बरं, उजवा इंडिकेटर लाव."

हॉर्न वाजला. पीप, पीप, पीप, अगदी तालात. समोरच्या घरातले दोघं आपापली स्टुलं घेऊन बाहेर आले.

"वीज नेहमी सोपा रस्ता शोधते," मी नफोसतला समजावलं.

"मग ती तुमच्यापेक्षा हुशार आहे," ती म्हणाली. "आणि वाईट काय आहे त्यात? बाजारातून सामान आणलं, ब्रेक दाबला, डिकी उघडली. मला तर आवडलं."

अर्धा तास संपून साडेतीन तास झाले होते.

गुरुवारी मी मान खाली घालून सत्तोर उस्ताकडे, म्हणजे कारागिराकडे, गेलो. सत्तोर गाड्यांच्या तारांचं काम करतो. त्याचा एक डोळा कायम बारीक असतो, त्यामुळे आपण खोटं बोलतोय असं आपल्यालाच वाटायला लागतं. तो डिकीत वाकला आणि तसाच राहिला.

"कुणी जोडलंय हे?"

"एका ओळखीच्यानं."

"त्याच्याशी परत बोलू नका."

त्यानं पक्कड घेतली आणि एकूण एक तारा कापल्या. कचाकच. मग हात पुसले, टोपी नीट केली आणि म्हणाला, "येतो."

"कुठे?"

"सुंतेचा पुलाव आहे. नाही गेलं तर बरं दिसत नाही."

लग्नसराईत आमच्याकडे उस्ता मिळतो तो दोन पुलावांच्या मध्येच. सुंतेवरून तो कुणाच्या तरी हजच्या पुलावाला गेला, तिथून झोपायला. माझी गाडी त्याच्या दारात तशीच, साफ करायला घेतलेल्या कोंबडीसारखी आतडी बाहेर काढून. येणारा-जाणारा थांबायचा, वाकायचा, म्हणायचा, "अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे," आणि पुढे जायचा. एक बाई थांबली. ती म्हणाली, "नजर लागलीय." त्या सगळ्यांत पटण्यासारखं तिचंच होतं.

शुक्रवारी नमाजानंतर सत्तोर आला आणि खरं सांगायचं तर तासाभरात त्यानं सगळं जागेवर आणलं. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा लागायचा. डिकी गप्प, हॉर्न गप्प. मला गहिवरून आलं. मग त्यानं इंडिकेटर लावला. डोळ्यात कचरा गेलेला माणूस पापण्या मिटतो तसा तो दिवा फडफडायला लागला. वाहणं वगैरे काही नाही, नुसती फडफड.

"गाडीला वाटतंय बल्ब मेला," सत्तोर म्हणाला. "जुना बल्ब भरपूर वीज खायचा. हे नवे चिमणीएवढं खातात. तिला फसवावं लागेल."

त्यानं खिशातून दोन सोनेरी ठोकळे काढले, बोटभर लांबीचे. रेझिस्टर. डिकीत आतल्या बाजूला दोन्हीकडे बसवले. फडफड थांबली. लाल रस वाहायला लागला.

"म्हणजे," मी म्हटलं, "कमी वीज खाणारे दिवे घेतले, आणि वाचलेली वीज खायला हे ठोकळे लावले?"

"हो."

"आणि ते त्या विजेचं काय करतात?"

"तापतात."

"कशासाठी?"

"गाडीच्या समाधानासाठी." त्यानं बारीक डोळा आणखी बारीक केला. "तुम्ही वीज शिकवता ना, मास्तर? त्यांच्याजवळ काही ठेवू नका."

मी ठेवणार नव्हतो. पण शनिवारी सकाळी हुर्रियतचा फोन आला. "दादा, खाटकाकडून दुंबा घेऊन ये. आठ किलो. रविवारच्या पुलावाचा आहे, स्वयंपाकी थांबलाय." दुंबा म्हणजे मेंढ्याच्या शेपटीची चरबी. त्याच्याशिवाय लग्नाचा पुलाव होत नाही, नुसता भात होतो. मी तो डिकीत ठेवला आणि निघालो. आता एवढे दिवे लावलेत तर रविवारची तालीम नको का? मी चारही इंडिकेटर चालू केले आणि गावातून हळूहळू गाडी नेली. दुकानांच्या काचांमधून स्वतःची मागची बाजू बघत. रेशमाच्या कारखान्याला दोन फेऱ्या मारल्या. तिथल्या काचा मोठ्या आहेत.

हुर्रियतच्या दारात पोचलो तेव्हा माझ्यामागे चार कुत्री होती. मी डिकी उघडली. दुंबा साधारण सहा किलो उरला होता. बाकीचे दोन किलो गालिच्यात, जॅकमध्ये, स्टेपनीच्या खड्ड्यात, आणि कडकडीत तापलेल्या त्या ठोकळ्यांवर चुरचुरत होते.

स्वयंपाक्यानं आत डोकावून बघितलं. "मास्तर, कांदा घातलात का?"

हुर्रियतनं आधी डिकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आकाशाकडे. लहानपणी आईकडे माझी तक्रार करायच्या आधी ती अशीच बघायची.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मोहल्ला गल्लीत जमला. तोख्ता-बोबोंना खुर्ची दिली. कुद्रत हात मागे बांधून उभा होता, त्याची गाडी मुद्दाम माझ्या शेजारी लावून. मी आत बसलो, बटण दाबलं. "अरे वा!" असा आवाज आला. खरंच आला, मी ऐकला. बायकांनी डोक्यावरच्या रुमालांची टोकं तोंडाला लावली. जावलोन म्हणाला, "मामा, भारीच!" आणि आठवडाभरात पहिल्यांदा माझी छाती फुगली.

कुद्रत उकिडवा बसला. मान एका खांद्यावर टाकली, मग दुसऱ्या.

"मास्तर, डावा दिवा डावीकडे वाहतोय."

"बरोबरच आहे."

"उजवापण डावीकडेच वाहतोय."

मी उतरून मागे गेलो. दोन्ही दिव्यांतला लाल रस एकाच दिशेनं, अगदी एकमतानं, डावीकडे निघाला होता.

"तुमची गाडी फक्त डावीकडे जाते का?" कुद्रतनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "मग घरी कशी येते? गोल गोल?"

मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "दोन्ही डावीकडे वाहणारे दिलेत तुम्ही!"

"मग डावीकडे वळा," तो म्हणाला. "सगळी लग्नाची हॉटेलं त्याच बाजूला आहेत." आणि फोन ठेवला.

गल्ली हसत होती. जावलोन जमिनीकडे बघत होता. माझ्या मनात आलं, संपलं. गाढवगाडीपासून चालत आलेलं माझ्यापाशी संपलं. तेवढ्यात तोख्ता-बोबोंनी काठी आपटली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"लाल आहे का?"

"आहे, बोबो."

"वाहतंय का?"

"वाहतंय."

"मग झालं. मामाची गाडी."

"पण बोबो, ते वाहतंय कुठे—" कुद्रत म्हणाला.

"सोमवारी दुआ झाली. दुआमध्ये डावं-उजवं नव्हतं."

रविवारी दुपारी एकोणीस गाड्यांची वरात निघाली. सगळ्यात पुढे मी. माझ्या शेजारी जावलोन नवऱ्याच्या सुटात, खिडक्या पूर्ण उघड्या, कारण डिकीतून तळणीचा वास येत होता. माझ्यामागे कुद्रत, त्याच्यामागे बाकीचे, सगळे पांढरे, सगळ्यांचे इंडिकेटर लुकलुकत. वरातीचा नियम एकच. नवरीच्या गाडीला कुणी मागे टाकत नाही. ती जाईल तिकडे जायचं.

मोठ्या चौकात मी सरळ गेलो. थोड्या वेळानं आरशात बघितलं, तर मागे एक भाजीचा टेम्पो आणि सायकलवरून जाणारे एक आजोबा.

"मामा, वरात कुठे गेली?"

"येतायत मागून."

जावलोननं वरातीतल्या एका मित्राला फोन केला तेव्हा कळलं. कुद्रत चौकात डावीकडे वळला, त्याच्यामागे सतरा गाड्या वळल्या. डावीकडे एका हॉटेलसमोर दुसऱ्याच कुणाचं लग्न होतं. लांब तुताऱ्या वाजत होत्या, पांढऱ्या गाड्या आत शिरत होत्या. यांनाही हात धरून आत नेलं, बसवलं, पुढ्यात पुलाव ठेवला. लग्नात आलेल्या माणसाला आमच्याकडे तू कुणाचा असं विचारत नाहीत. यांनीही नवरा अनोळखी दिसतोय हे दुसरं ताट संपताना ओळखलं. कुद्रतला जावलोननं फोनवर विचारलं, "काका, तुम्ही वळलात कसे?"

"दिवा डावीकडे ओढत होता रे, बाळा. दुआ झालेला दिवा. मी कोण त्याला खोटं पाडणारा?"

नवरीच्या दारात आम्ही एका गाडीनं पोचलो.

"एवढीच वरात?" नवरीची मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"मागून येतेय."

"किती मागून?"

गल्ल्या तिथं सगळ्या सारख्या. वरातीला आम्ही सापडावं म्हणून मी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि चारही इंडिकेटर चालू ठेवले. मग आत गेलो. निकाह झाला, दुआ झाली, चहा झाला. नवरीच्या आईनं रडून घेतलं, मावशीनं रडून घेतलं, पुन्हा चहा झाला. मुनिसा, म्हणजे नवरी, पांढऱ्या झग्यात मान खाली घालून बाहेर आली आणि माझ्या गाडीत बसली. म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवले. जावलोन तिच्याशेजारी बसला. मी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. या वेळी टक्सुद्धा नाही.

कमी वीज खाणारे दिवे दीड तास आपापलं चिमणीएवढं खात बसले होते, आणि उरलेली सगळी बॅटरी ठोकळ्यांनी खाल्ली होती. गाडीचं पूर्ण समाधान झालं होतं.

"मामा," जावलोन दातांतल्या दातांत म्हणाला.

"एक मिनिट."

"मामा, तुम्ही एक मिनिट म्हणता ना, तेव्हा मला भीती वाटते."

शेजारच्या भट्टीवाल्याची नान पोचवायची व्हॅन उभी होती, त्याच्याकडे जोडायच्या तारा होत्या. "मी जोडू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "अहो, मी वीज शिकवतो." लाल ते लाल, काळी ते काळी. हे मी सव्वीस वर्षं फळ्यावर काढतोय. पण त्याच क्षणी नवरीकडच्या तुतारीवाल्यानं माझ्या कानापाशी तुतारी फुंकली. ठिणगी उडाली, माझ्या बोनेटखाली काहीतरी पट्कन वाजलं, आणि मी बघितलं तर लाल चिमटा काळ्यावर होता. व्हॅनला काही झालं नाही. माझ्या गाडीचा मोठा फ्यूज उडाला.

तेवढ्यात वरात आली. सगळे तृप्त. कुद्रत उतरला तेव्हा त्याच्या कमरेला अनोळखी लग्नातला रेशमी शेला होता.

"काय झालं, मास्तर?"

"बॅटरी."

"अरेरे. ते दिवे तर कमी खातात म्हणत होतात." त्यानं आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं, अगदी अदबीनं. "चल, सूनबाई. इकडे गार हवा आहे."

मुनिसा जरा हलली. पण मावशी धावत येऊन माझ्या गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"खबरदार! दुआ होऊन बसलेली नवरी वाटेत उतरत नाही. उतरली तर जन्मभर उतरतच राहते. ती आता सासरच्या दारातच उतरणार, आणि याच गाडीतून!"

त्या मावशीचे पाय धरावेसे वाटले.

म्हणजे ओढून न्यायची. एकोणीस गाड्या, प्रत्येकीत अत्तराच्या तीन-तीन बाटल्या, जपमाळा, लहान उशा. दोर एकीतही नाही. मग वरात उतरल्याबरोबर नवरीकडच्यांनी आहेर म्हणून बांधलेले शेले सगळ्या पुरुषांनी कमरेचे सोडले, त्या दुसऱ्या लग्नातलेही सोडले, आणि बायकांनी वेणी घालतात तसे ते पिळून जाडजूड दोर केला. कुद्रतच्या गाडीला ओढायचा हूक कुठे असतो ते त्याला माहीत नव्हतं. ते पुस्तकात होतं आणि पुस्तक घरी होतं.

"बंपरलाच बांधा," तो घाईनं म्हणाला. "नवी गाडी आहे. पण तुमचे शेले धरतील का?"

"मार्गिलानचं रेशीम आहे," मी म्हटलं. "तुटायचं नाही."

तर नवरी मामाच्या गाडीतूनच निघाली. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, मागे मुनिसा हळूच हसत होती आणि जावलोननं डोळे मिटले होते. मोठा रस्ता लागला, कुद्रतनं वेग वाढवला.

रेशीम तुटलं नाही. पहिल्या चढावर कुद्रतच्या गाडीचा बंपर निघून आला.